इंजिनाचा धूर आणि समुद्रातले करंडे

ओरगडम हे नाव पूर्वी आपल्याकडे कोणाच्या कानावरूनही गेलं नसेल. आता मात्र चाकण, पिंपरी, नाशिककडच्या पुष्कळ घरांना ते पाठ झालं आहे. चेन्नईच्या नैर्ऋत्येला, सिंगपेरुमाळ कोविलहून श्रीपेरुंबुदूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. मोटारी, मालट्रक, मोटारसायकली आणि त्यांचे लहानमोठे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांनी ते वेढलं आहे. माझी भाची तिथे राहते. जावईबापू एका कारखान्यात इंजिनांच्या विभागात आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी तिच्याकडे गेले होते. त्या उन्हाळ्यात चेन्नईने पाण्याचे फार हाल काढले. ओरगडमपासून जवळच असलेला चेंबरंबाक्कमचा भला मोठा तलाव कोरडा पडला होता. मी गेले तेव्हाही भाचीच्या घरची सगळी कामं टँकरच्या वेळेवर बेतलेली असत. अशात १९ तारखेला, सोमवारी सकाळी, चहाच्या वेळी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. आदल्या रात्री चेन्नईच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या उजेडाने चमकल्या होत्या! तिरुवान्मियूरकडे लोकांची झुंबड उडाली होती आणि आम्ही तासा-दीड तासाच्या अंतरावर गाढ झोपलेलो.

मग काय, त्या रात्री जावईबापू पाळीवरून येताच आम्ही निघालो. वंडलूर, केळंबाक्कम करत कोवळमच्या किनाऱ्यावर पोहोचलो. समुद्र आपला नेहमीसारखा काळाकुट्ट. भाचीच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी अर्धा तास पाण्यात पाय आपटून पाहिले, वाळूत काठी फिरवली. काहीसुद्धा चमकलं नाही. परतीच्या वाटेवर गाडीत असा काही अबोला होता की मलाच काहीतरी बोलणं भाग पडलं.

मी सांगितलं, तो उजेड नॉक्टिल्यूका नावाच्या एकपेशीय जिवाचा. नावाचा अर्थच रात्रीचा दिवा. पाणी ढवळलं गेलं की तो क्षणभर चमकतो. आकाराने मोहरीच्या दाण्याहून लहान, पण नीट पाहिलं तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढा. आणि त्याचा आवडता खाऊ म्हणजे डायाटम.

“डायाटम म्हणजे?” मागून आवाज आला. अबोला सुटला म्हणायचा!

आपल्या भाषेत या वनस्पतीला फार सुरेख नाव आहे: करंडक. देवघरातला कुंकवाचा करंडा आठवा. खालचा भाग आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण. करंडक म्हणजे असा एक करंडा, फक्त काचेचा, आणि केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही लहान. वाळू आणि काच ज्या सिलिकेची बनतात, त्याच सिलिकेचं कवच. त्यावर जाळीदार नक्षी, आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. कोणी गोल, कोणी होडीसारखा, कोणी तारकेसारखा. आत सोनेरी-तपकिरी रंगाची एकच पेशी, उन्हावर जगणारी. नदीतल्या दगडावरून पाय घसरतो, त्या तपकिरी बुळबुळीत थरात हे लक्षावधी असतात.

त्यांची वाढही मजेची. एका पेशीच्या दोन होताना करंडा उघडतो. एका लेकीच्या वाट्याला आईचं झाकण येतं, दुसरीच्या वाट्याला बूड. पण दोघीही मिळालेला भाग झाकण म्हणूनच वापरतात आणि आत बसेल असं नवं बूड घडवतात. म्हणजे बूड मिळालेली लेक आईहून लहान भरली. तिच्या वंशात पुढे असंच चालू राहतं आणि पिढ्यांमागून पिढ्या करंडे लहान होत जातात. अगदीच चिमुकले झाले की एक दिवस पेशी काचेचं घर टाकून देते, उघडीच फुगते आणि पुन्हा मूळ मापाचा नवा करंडा बांधते. जावईबापू मापांचे पक्के. त्यांना ही युक्ती इतकी पटली की त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

वर्तमानपत्रांतल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत या करंड्यांना आपण भेटलेले असतो. पाण्यात प्रेत सापडलं की माणूस बुडून मेला की आधी मेलेला पाण्यात टाकला, हे ठरवायला डॉक्टर हाडाच्या मगजात करंडक शोधतात. जिवंतपणी श्वासाबरोबर पाणी आत गेलं असेल तरच ते रक्तातून तिथवर पोहोचतात. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं, त्यातही नायट्रोग्लिसरीन शोषून धरायला मृत करंड्यांची माती वापरलेली होती.

चेन्नईला आणि करंडकांना जोडणारा एक धागा जुना आहे. १९४६ मध्ये आर. सुब्रह्मण्यन या वनस्पतीशास्त्रज्ञांनी मद्रास किनाऱ्यावरच्या समुद्री करंडकांची सविस्तर शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. आजही या विषयातल्या माणसाला ती उघडावी लागते. पुढे १९५५ मध्ये त्यांनी आणि आर. व्ही. नायर यांनी एक टिपण लिहिलं, ते तर आपल्या जेवणाच्या ताटापर्यंत येतं. फ्रॅजिलेरिया ओशियानिका नावाचा करंडक पश्चिम किनाऱ्याच्या पाण्यात भरपूर दिसला की तारलीचं पीक चांगलं येतं, असं त्यांचं म्हणणं. तारली करंडक खाते. त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म झिंगेही खाते. कोकणातली आजी तारलीचं कालवण करते तेव्हा त्या चवीच्या मुळाशी हे काचेचे करंडेच असतात.

इथवर सगळं गोष्टीसारखं चाललं होतं. वंडलूरच्या पुढे जावईबापूंनी मुद्द्याला हात घातला. “मावशी, आमच्याकडे परवा एक गृहस्थ आले होते व्याख्यानाला. कारखान्यांनी आपल्या धुराचा हिशेब कसा चुकता करायचा, यावर. ते म्हणाले, समुद्रात थोडं लोखंड टाकलं की हे जीव भराभर वाढतात, हवेतला कार्बन पोटात घेतात आणि तळाला जातात. खरं आहे का हे? मग एवढी सव्यापसव्यं कशाला?”

प्रश्न इंजिनवाल्या माणसाला शोभणारा होता. मी तेव्हा अर्धंमुर्धं उत्तर दिलं. पुरतं उत्तर द्यायला आज बसले आहे.

आधी धुराचा हिशेब. लिटरभर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिझेल एक किलोचंही नाही, मग धूर एवढा जड कसा? कारण जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो. माणसाने असा जितका वायू आजवर सोडला, त्यामुळे हवेतलं त्याचं प्रमाण कारखानदारीपूर्वीच्या दशलक्षात २८० भागांवरून आता ४२० भागांच्या वर गेलं आहे. दरवर्षी आपण सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र घेतो. हा चौथा हिस्सा मुख्यतः पाण्यात विरघळूनच जातो, करंडकांनी खाऊन नव्हे. ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

मग करंडकांचं काम कोणतं? पृथ्वीवर प्रकाशाच्या जोरावर जेवढं अन्न तयार होतं, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटे करंडक तयार करतात. जगातली सगळी वर्षावनं एका पारड्यात घातली तरी हे दुसरं पारडं हलकं ठरत नाही. यातलं बहुतेक अन्न वरच्या शे-दोनशे मीटरमध्येच खाल्लं जातं आणि त्यातला कार्बन पुन्हा पाण्यात आणि हवेत परततो. थोडा भाग मात्र खाली जातो. काचेचं कवच जड. बहर ओसरताना करंडकांचे गुंते होतात, त्यांच्या गुठळ्या बनतात आणि त्या दिवसाला शंभर-शंभर मीटर खाली उतरतात. हजार मीटरखाली पोहोचलेला कार्बन काही शतकं तरी वर येत नाही. प्रत्यक्ष तळाच्या चिखलात कायमचा पुरला जाणारा हिस्सा शेकड्यात एकही नसतो. पण हे कोट्यवधी वर्षं चाललेलं आहे. हा जिवंत पंप उद्या बंद पडला तर काही शतकांत हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण खूपच चढेल.

आणि पुरलेल्या त्या चिमूटभर हिश्शाचं काय झालं? त्याचंच काही ठिकाणी खनिज तेल झालं. सगळं तेल करंडकांचं नाही, पण कॅलिफोर्नियातल्या माँटेरे खडकातलं तेल पुष्कळसं त्यांच्यापासून झालेलं आहे. करंडकांचे सर्वांत जुने सुबक अवशेष ११ कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. योगायोग असा, की श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात जमिनीखालचे खडक साधारण त्याच युगाचे आहेत, आणि त्यांत समुद्री शंखधारी प्राण्यांच्या जोडीला किनाऱ्यावरच्या झाडांची पानं दगड होऊन पडली आहेत. म्हणजे आज जिथे इंजिनांची चाचणी होते त्या भागात एके काळी समुद्र येत होता. जुन्या समुद्राचा कार्बन इंजिनात जाळायचा आणि नव्या समुद्राला म्हणायचं, घे परत!

लोखंडाची कल्पना मात्र थट्टेची नव्हे. दक्षिण महासागरात, अंटार्क्टिकाभोवती, पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही वनस्पती कमी. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचं कारण लोहाची उणीव हे सांगितलं. १९८८ मध्ये एका व्याख्यानात तो विनोदाने म्हणाला, की अर्ध्या टँकरभर लोखंडात मी तुम्हाला हिमयुग आणून देतो. तो १९९३ मध्ये वारला. त्याच वर्षी प्रशांत महासागरात पहिला प्रयोग झाला, आणि सूक्ष्म वनस्पती खरंच वाढल्या. नंतर अनेक प्रयोग झाले. २००४ मध्ये जर्मनांच्या पुढाकाराने दक्षिण महासागरात झालेल्या प्रयोगात करंडकांचा मोठा बहर आला आणि त्यातला निम्म्याहून अधिक हजार मीटरखाली गेला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जावईबापूंच्या त्या व्याख्यात्यांनी बहुधा एवढंच वाचलं होतं.

त्यापुढचा प्रयोग आपल्या गोव्याचा आहे.

दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून तो आखला. नाव ठेवलं लोहाफेक्स. त्यातला ‘लोहा’ आपला, घरचा! प्रमुख दोघे: गोव्याचे वाजिह नक्वी आणि जर्मन संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक. हे स्मेटाचेक नावाने परके वाटले तरी कुमाऊँच्या डोंगरात वाढलेले. ७ जानेवारी २००९ रोजी ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधनजहाज केप टाउनहून निघालं. त्यावरच्या पन्नासेक शास्त्रज्ञांत भारतीय मोठ्या संख्येने होते.

जहाज निघालं आणि मागे किनाऱ्यावर वादळ उठलं. आधीच्याच वर्षी बॉनला जैवविविधतेच्या परिषदेत अशा प्रयोगांना आवर घालण्याचा निर्णय झाला होता. पर्यावरणवादी संघटनांनी आक्षेप घेतला, जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवायला सांगितलं. जहाज समुद्रात, प्रयोगाचं साहित्य जहाजावर, आणि परवानगी अधांतरी. पुन्हा तपासण्या झाल्या आणि २६ जानेवारीला, आपल्या प्रजासत्ताकदिनी, जर्मनीच्या संशोधन मंत्रालयाने हिरवा कंदील दाखवला. मला त्या आक्षेपांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. समुद्र काही कोणाच्या परसातला हौद नाही. पण प्रयोग झाला हेही बरंच झालं, कारण त्याने जे सांगितलं ते वाद घालून कधीच कळलं नसतं.

दक्षिण अटलांटिकमध्ये एक प्रचंड भोवरा निवडला होता. त्यातलं पाणी आपल्याशीच फिरत राहतं, म्हणून टाकलेलं लोह पांगत नाही. तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सहा टन लोह विरघळवून सोडलं आणि ३९ दिवस त्या पाण्यावर पहारा ठेवला. पहिल्या दोन आठवड्यांत वनस्पती दुपटीने वाढल्या. मग वाढ अडली.

का अडली? कारण त्या पाण्यात सिलिकाच जवळपास उरलं नव्हतं. आधी येऊन गेलेल्या करंडकांच्या बहरांनी ते संपवलं होतं. लोखंड आलं, पण काच नाही, मग करंडे घडणार कसे? त्यांच्याऐवजी दुसऱ्या, मऊ अंगाच्या सूक्ष्म वनस्पती वाढल्या. त्यांना चिलखत नाही. सूक्ष्म झिंग्यांनी त्यांचा फडशा पाडला. त्या झिंग्यांवर थेमिस्टो नावाचे, त्यांच्याहून मोठे कवचधारी जीव तुटून पडले, आणि हे थेमिस्टो पुढे माकूल आणि देवमाशांचं खाद्य. मेजवानी झकास झाली. तळाकडे कार्बन गेला तो नावापुरता. मार्चमध्ये जहाज चिलीच्या बंदराला लागल्यावर दोन्ही संस्थांनी हे जसंच्या तसं जाहीर केलं. फसलेल्या पाककृतीबद्दल इतकं मोकळेपणाने सांगणारी माणसं विरळाच. दक्षिण महासागराच्या ज्या मोठ्या भागात सिलिका कमी आहे, तिथे लोखंड टाकून कार्बन बुडवण्याची आशा धरता येणार नाही, हे गोव्याच्या या जहाजफेरीने सिद्ध केलं.

एवढं झाल्यावरही २०१२ मध्ये एका व्यापारी मंडळीने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर सुमारे १०० टन लोहयुक्त पूड समुद्रात ओतलीच. सामन मासा वाढेल आणि कार्बनचा पैसाही होईल, असा बेत. त्यानंतर २०१३ मध्ये समुद्रात टाकाऊ माल टाकण्याविषयीच्या लंडन करारात अशा कामांना वेसण घालणारी दुरुस्ती मंजूर झाली.

सिलिका येतं कुठून, हे सांगायचं राहिलं. ते येतं डोंगरातून. पावसाचं किंचित आम्ल पाणी खडक झिजवतं, नद्या ते द्रव्य समुद्राला नेऊन देतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही असाच थेंबाथेंबाने समुद्रात जातो. मध्ये धरण आलं की साठलेल्या पाण्यात करंडक वाढतात, तिथेच मरून तळाला बसतात आणि सिलिका अडकतं. डॅन्यूब नदीवर धरणं झाल्यावर काळ्या समुद्रातलं सिलिका घटलं आणि करंडकांची जागा दुसऱ्या वनस्पतींनी घेतली, असं १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. कोणत्या धरणाचा वाटा किती, यावर पुढे वाद झाले. पण शेतातलं नायट्रेट वाहून येतं आणि सिलिका मागे राहतं, तिथे करंडकांची पंचाईत होते हे सर्वांना मान्य आहे.

आता पुन्हा त्या न दिसलेल्या निळ्या उजेडाकडे. चेन्नईत २०१९ ला तो पाहुणा म्हणून आला आणि गेला. अरबी समुद्राच्या उत्तर भागात मात्र त्याने बिऱ्हाड थाटलं आहे. तिथे हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या गार, कोरड्या वाऱ्यांनी पाणी ढवळलं जातं, खालचं खत वर येतं आणि बहर येतो. पूर्वी हा बहर करंडकांचा असे. २००० नंतर तो हिरव्या नॉक्टिल्यूकाचा होऊ लागला. हेल्गा दो रोझारियो गोम्स, जोआकिम गोएस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये हे जगापुढे ठेवलं. या हिरव्या नॉक्टिल्यूकाच्या पोटात सूक्ष्म हिरव्या पेशी भाडेकरूसारख्या राहतात. त्या उन्हावर अन्न करतात, आणि घरमालक वरून करंडकही खातो. दोन्ही हातांनी कमावणाऱ्यापुढे नुसत्या उन्हावर जगणाऱ्याचा काय पाड?

असं का झालं, यावर एकमत नाही. गोम्स-गोएस यांनी पाण्यातला ऑक्सिजन घटल्याकडे बोट दाखवलं, आणि हिमालयातलं बर्फ कमी झाल्याने हिवाळी वारे उबदार झाले याकडेही. भारतातल्या काही शास्त्रज्ञांना बहराच्या जागी ऑक्सिजन पुरेसा आढळला. सिलिका कमी पडणं हे त्यातल्या काहींच्या मते खरं कारण. मला या वादात सिलिकाचं नाव पुन्हा निघालं हेच लक्षात राहतं. परिणामाबद्दल मात्र फारसा वाद नाही. नॉक्टिल्यूका आकाराने मोठा, त्यामुळे सूक्ष्म झिंग्यांना तो खाता येत नाही. त्याला खातात जेलीफिश आणि त्यांच्यासारखे लिबलिबीत प्राणी. करंडक, झिंगा, तारली, सुरमई, माणूस अशी जी साखळी, तिच्यातली पहिलीच कडी बदलते. जाळ्यात जेलीफिश भरून आल्या की खलाशांचे चेहरे कसे होतात, हे ज्यांनी बंदरावर पाहिलं असेल त्यांना वेगळं सांगायला नको.

जावईबापूंना मी हे सगळं पत्राने लिहून कळवलं होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. पहिली ओळ: लोखंडाचा विषय बंद. दुसरी ओळ: सिलिका घालून पाहिलं तर? इंजिनिअर तो इंजिनिअरच!

चिरंजीव आता अकरावीला आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा तपकिरी थर खरवडून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला छायाचित्र पाठवलं. होडीच्या आकाराचे तीन करंडे, आणि शेजारी एक सुटं झाकण. खाली लिहिलं होतं, “आजी, याचं बूड हरवलंय.”